उतरंडीला लागणारे हात

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी: तळाशी सर्वांत मोठे, वर त्याहून लहान आणि शेंड्यावर एखादे लोटके. समाजातल्या उच्चनीचतेला मराठीने हाच शब्द दिला आहे. स्वयंपाकघरातली उतरंड एकदा रचली की वर्षानुवर्षे जागची हलत नाही. माणसांची उतरंड मात्र रोज सकाळी नव्याने रचावी लागते आणि ती रचायला पुष्कळांचे हात लागतात. कायदा, जमीन, पैसा, धर्मग्रंथ हे तिचे मोठे आधार खरे. पण पाणी कोणाला कोणत्या भांड्यातून द्यायचे, कोणाला एकेरीत हाक मारायची, बैठकीत कोणी बसायचे आणि दाराआडून कोणी ऐकायचे, हे सांगायला दर वेळी तलाठी किंवा पोलीस येत नाही. माणसे ते आपापसात ठरवतात, बहुतेक वेळा एक शब्दही न बोलता. स्त्री-पुरुषांमधली आणि वर्गावर्गांमधली उच्चनीचता टिकवण्यात साध्या माणसांचा जो हा रोजचा हातभार असतो, तोच इथला विषय आहे.

हा विषय समजून घ्यायला रायगडचा किनारा फार उपयोगी पडतो. उरण-करंज्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करीत श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत गेलेल्या या पट्ट्यात कोळीवाडे, खारेपाटातली भातशेती, नारळी-पोफळीच्या वाड्या, डोंगराच्या कडेच्या कातकरी वाड्या आणि मुंबईकरांचे बंगले हाकेच्या अंतरावर आहेत. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याने खोतीसारखी कडक व्यवस्था पाहिली आणि तिच्याविरुद्धचा लांब पल्ल्याचा शेतकरी संपही पाहिला. महाडचा सत्याग्रह याच जिल्ह्यातला. गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणे अलीकडे ज्या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आली, तोही हाच.

सुरुवात बोलण्यापासून करावी, कारण मराठीत उच्चनीचता व्याकरणातच भेटते. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, नवरा बायकोला ‘अगं’ म्हणतो. दोघांच्या वयात वर्षाचेच अंतर असले तरी चालते आणि बायको अधिक शिकलेली, अधिक कमावती असली तरीही चालते. मालकाचा विशीतला मुलगा साठीच्या गड्याला ‘अरे’ म्हणतो, गडी त्याला ‘दादा’ किंवा ‘शेठ’ म्हणतो. आगरी आणि कोळी बोलीत एकेरीला तितका अनादराचा वास नाही. तिथे मोठ्यांनाही ‘तू’ खपून जाते. शाळेतून आणि शहरातून आलेल्या प्रमाण मराठीबरोबर ‘अहो-जाहो’ची शिस्त घरात येते आणि ती पहिल्यांदा शिकते ती बहुधा सून. सभ्यतेचा धडा म्हणून ती हे शिकते. पायरी दाखवणारा शब्द सभ्यतेच्या कपड्यांत येतो, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही.

घराच्या आत हे काम अधिक बारकाईने चालते आणि तिथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: बाईवरची बंधने पाळली जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मुख्यतः बायकांकडेच सोपवलेली असते. नवरा मेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र काढतात, ते हात शेजारणीचे, नणंदेचे, जावेचे असतात. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाही, हेही बायकाच ठरवतात. हे करणाऱ्या बहुतेक जणींच्या मनात दुष्टावा नसतो. पुष्कळदा त्या रडत असतात. ज्या विधवा सासूचे स्वतःचे कुंकू असेच पुसले गेले, ती सुनेच्या वेळी पुढे होते, कारण ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला द्यावे लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींपुढे तो उदाहरण म्हणून ठेवला. ठरावाची गरज पडली याचाच अर्थ असा की प्रथा टिकवणारा हुकूम कुठेच लिहिलेला नव्हता. ती नुसत्या हातांवर टिकली होती.

सासू-सुनेच्या नात्याचा उलगडा तुर्की समाजशास्त्रज्ञ डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ मध्ये ‘पितृसत्तेशी केलेला सौदा’ या कल्पनेने केला. नवऱ्याच्या घरी नांदायला येणारी मुलगी तरुणपणी सर्वांत खाली असते. मुलगा मोठा होऊन सून घरात आली की तिला अधिकाराची पहिली चव मिळते. इतकी वर्षे सोसल्याचे तेवढेच मोल तिच्या पदरात पडणार असते. त्यामुळे ज्या व्यवस्थेने तिला दाबले तीच मोडायला निघालेली सून तिला आपल्या हक्काच्या मिळकतीवर घाला घालणारी वाटते. कँडियोटी यांनी ही मांडणी करताना उत्तर आफ्रिकेपासून दक्षिण आणि पूर्व आशियापर्यंतच्या समाजांचा विचार केला होता. पण ‘आम्ही नाही का केलं?’ हे सासूचे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला ती समजायला अलिबाग-पेणच्या बाहेर जावे लागणार नाही.

कोळीवाड्यात चित्र वेगळे दिसते आणि वेगळेपणानेच ते शिकवते. समुद्रावर पुरुष जातो. नाखवा होडीचा मालक, तांडेल ती हाकणारा, खलाशी जाळे ओढणारे. होडी किनाऱ्याला लागली की म्हावरा बायकांच्या ताब्यात जातो. निवडणे, बर्फात घालणे, लिलावात बोली करणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे, उधारी वसूल करणे हे सगळे तिचे. रोखीचा व्यवहार तिच्या कनवटीला असतो आणि घरात तिचा शब्द चालतो. आगरी-कोळी लग्नांत तर धवले गाऊन विधी पार पाडणारी धवलारीण बाई असते. तरीही होडीची नोंदणी, मच्छीमार सोसायटीची बैठक, गावकीचा निवाडा यांत बहुधा पुरुषांचीच नावे दिसतात. ज्या बाईशी बाजारात भल्याभल्यांना बोलता येत नाही, तीच गावकीच्या बैठकीबाहेर ओट्यावर थांबते आणि आत काय ठरले ते मुलाला विचारते. पैसा हातात आला की मानही आपोआप येतो, असे म्हणणाऱ्यांनी हा ओटा एकदा पाहावा. कमाई आणि अधिकार यांच्यामध्ये एक उंबरा आहे आणि तो तिथे ठेवण्यात बैठकीतले पुरुष, बाहेर थांबलेली बाई आणि तिला ‘तू कशाला आत येतेस’ म्हणणारी तिची जाऊ, या सगळ्यांचा वाटा आहे.

वर्गाची उतरंड आजच्या किनाऱ्यावर सर्वांत ठळक दिसते ती बंगल्यांच्या फाटकाशी. गेट वे ते मांडवा ही जलवाहतूक सोयीची झाली, तसा मांडवा, किहीम, आवास, नागाव या पट्ट्यातल्या जमिनींना भाव आला आणि वाड्यांच्या जागी शनिवार-रविवारची घरे उभी राहिली. ज्याच्या आजाने ती वाडी शिंपली, तो तिथे राखणदार म्हणून राहतो. त्याची बायको भांडी घासते, खोल्या झाडते. तिच्यासाठी चहाचा कप वेगळा असतो आणि तो ओट्याच्या खालच्या फळीवर, इतर भांड्यांना लागणार नाही असा ठेवलेला असतो. ‘हा तुझा कप’ असे तिला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या दिवशी त्या कपात चहा मिळाला, दुसऱ्या दिवशी तिने तोच उचलला. खुर्ची दिली तरी ती खाली बसते आणि ‘इथेच बरं आहे’ म्हणते. आपण खुर्चीवर बसलो तर मालकीणबाईंना अवघड होईल, हे तिला ठाऊक असते. त्या अवघडलेपणाची किंमत पुढे कामावरून जाण्यात मोजावी लागू शकते, हेही. मालकीणबाईंना बहुतेक आपण भेदभाव करतो असे वाटतही नसते. त्यांनी आईच्या घरी असाच वेगळा कप पाहिलेला असतो.

भांडी घासणाऱ्या त्याच बाईच्या अंगणात दुपारी कातकरी वाडीवरची बाई खेकडे किंवा रानभाजी घेऊन येते, तेव्हा तिला पाणी वरून ओंजळीत ओतले जाते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. रायगडात त्यांची वस्ती मोठी आहे आणि बरीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात. तिथे मजुरी उचल म्हणून आधी दिली जाते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक काम धरले जाते आणि उचल मोजून दिली जाते ती नवऱ्याच्या हातात. बंगल्यात ज्या बाईचा कप वेगळा, तिच्याच घरी दुसरीला तांब्याही धरायला मिळत नाही, आणि त्या दुसरीच्या श्रमाला तर स्वतःचा हिशेबच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. सगळे एकाच पातळीवर दडपले गेले असते तर एकत्र उठले असते. इथे मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे आणि ते कोणीतरी खाली असणे हाच वरच्याच्या मानाचा उरलासुरला ठेवा आहे. जात आणि लिंग यांची गाठ कशी बसते हेही त्यांनी फार लवकर पाहिले होते. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी दाखवले की जातीचे कुंपण टिकते ते जातीतच लग्न करण्याच्या नियमाने, आणि तो नियम टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही भार बाईच्या देहावर घातले गेले. वरच्यांचे अनुकरण करून खालच्यांनीही तीच कुंपणे आपल्याभोवती घातली, हा त्यांचा पुढचा मुद्दा. एखाद्या घरात चार पैसे आले की पहिल्यांदा बाईचे शेतावर जाणे बंद होते आणि त्यालाच घराण्याची सुधारणा म्हणतात, यात ते अनुकरण आजही दिसते.

सवय, भीती आणि अनुकरण यांच्या जोडीला शिक्षाही आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तिचे नाव वाळीत टाकणे. कोणी गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, कोणी जमिनीचा वाद गावकीऐवजी कोर्टात नेला, कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी दंड भरायला नकार दिला, अशा कारणांवरून कुटुंबे वाळीत पडली आणि २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातली अशी प्रकरणे एकामागून एक वर्तमानपत्रांत आली. वाळीत टाकण्याचे वैशिष्ट्य असे की त्यात कोणी कोणाला हात लावत नाही. किराणावाला सामान देत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. लग्नाला कोणी येत नाही आणि मयताला खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. मुले खेळायला गेली तर खेळ थांबतो. वाळीतल्या घराशी जो बोलेल त्यालाही दंड, असा नियम असतो. त्यामुळे शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवतो. निवाडा देणारे पंच पाच-सात. अमलात आणणारे सगळे गाव. त्यातल्या बहुतेकांचे त्या कुटुंबाशी काही भांडण नसते. रात्री मागच्या दाराने येऊन दूध देऊन जाणारेही त्यांतच असतात, पण सकाळी रस्त्यात ते मान फिरवतात. अन्याय चालायला अन्याय पटावा लागत नाही, हे याहून स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बहिष्काराचा निर्णय घेणाऱ्या बैठकीला कायदा गाठू शकतो. मान फिरवणाऱ्याला गाठणे त्याला अवघड आहे.

कायद्याची ही मर्यादा जिल्ह्याने फार पूर्वी अनुभवली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले, पण तीन वर्षे कोणी अस्पृश्य त्याचे पाणी घेऊ शकला नाही. तळ्यावर पहारा नव्हता. पहारा होता तो गावातल्या माणसांच्या नजरेचा. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या मागे महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतले लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर अफवा उठली, मारहाण झाली, आणि पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले गेले. घागरी भरणारे, वाहणारे, ओतणारे हे गावचेच रहिवासी होते. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

डिसेंबर १९२७ ची दुसरी परिषद मनुस्मृतीच्या दहनामुळे सर्वांना माहीत आहे. आंबेडकर तेव्हा बोटीने येऊन दासगाव बंदरात उतरले आणि लोकांबरोबर चालत महाडला गेले. त्याच मुक्कामात त्यांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण मात्र कमी आठवले जाते. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसणे, अंगावर हलक्या प्रतीच्या धातूचे जड दागिने घालणे या खुणांवरून बाईची जात लांबून ओळखू यायची. त्या खुणा टाकून द्या, लुगडे इतर बायकांसारखे पायघोळ नेसा, असे त्यांनी सांगितले, आणि तिथल्या बायकांनी लगोलग तसे केले. पाणी पिण्याइतकेच हे कृत्य मोठे होते. निऱ्या सोडून पुन्हा नेसताना त्या बाईने आपल्या खालच्या पायरीची खूण स्वतःच्या हाताने वागवणे थांबवले.

वर्गाच्या बाबतीत असा हात काढून घेण्याचा सर्वांत मोठा प्रसंग अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी घडला. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वंशपरंपरेचा वसूलदार. कुळाने कसायचे आणि पिकाचा अर्धा किंवा त्याच्या आसपासचा हिस्सा खोताच्या घरी पोचवायचा, शिवाय त्याच्या कामाला वेठीने राबायचे. खारेपाटात समुद्राचे पाणी अडवणारे बांध दरवर्षी सावरले नाहीत तर जमीन खारी होते. ते बांधही कुळांच्याच श्रमावर उभे. म्हणजे खोताच्या मिळकतीचा पाया रोज कुळाच्या हातून घातला जात होता. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या सुमारे २५ गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. शेते पडीक राहिली, घरात भात नव्हते, रानातली लाकडे आणून विकावी लागली आणि चुलीचा भार बायकांवर आला. १९३४ मध्ये आंबेडकर चरीला आले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये आला.

१ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. सातबाऱ्यावर इतर हक्कांत असलेले नाव मालकाच्या जागी आले. ते नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचे होते. सहा वर्षे चूल सांभाळलेल्या बाईचे नाव लागले ते फार तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर, वारस म्हणून. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. त्याच काळात उरण, पनवेल, अलिबागकडच्या जमिनी संपादनात आणि विक्रीत जात होत्या आणि त्यांची किंमत पिकावरून मोजणे संपले.

तेव्हापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक दस्त नेहमी दिसतो: हक्कसोडपत्र. बहिणीला भाऊ गाडीने घेऊन येतो. वहिनी बरोबर असते. तिने स्वतःच्या माहेरी असाच कागद आधीच करून दिलेला असतो. वाटेत चहा होतो, भाचरांची चौकशी होते. बहीण कागद वाचत नाही, कारण वाचायला घेतला तर विश्वास नाही असे दिसेल. आणि हिस्सा मागितला तर गौरी-गणपतीला, भाऊबीजेला यायचे ते घर तुटेल, अशी भीती तिच्या मनात असते. मोबदल्याच्या रकान्यात काही नाही असे लिहिलेले असते. कारण म्हणून प्रेमापोटी असे लिहिले जाते. कारकून बोट दाखवतो, ती यंत्रावर अंगठा ठेवते, फोटोसाठी पदर सारखा करते. बाहेर आल्यावर भाऊ तिला साडी देतो आणि आई, जिच्या नवऱ्याच्या बापाने चरीच्या संपात सहा वर्षे जमीन पडीक ठेवली होती, ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, ‘शहाणी गं माझी.’